ऐरण, छिन्नी आणि कॉम्प्युटर

दोस्तांनो, वजनाचं ते जुनं यंत्र तुम्ही पाहिलंय का? पूर्वी रेल्वे स्टेशनांवर हमखास असायचं. आपण वर उभं राहायचं, रंगीत दिवे लुकलुकायचे, चक्र फिरायचं, नाणं आत टाकलं की खट्कन आवाज व्हायचा आणि जाड कागदाचं छोटं तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य! आई-बाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल.

त्या यंत्रापाशी कुणी माणूस नसायचा. पैसे घेणारा नाही, वजन सांगणारा नाही आणि 'आज सुट्टी आहे, उद्या या' म्हणणाराही नाही. नाणं पडलं की तिकीट द्यायचं, एवढा एकच करार होता आणि तो यंत्राच्या दांड्या-चाकांतच बसवलेला होता.

असाच करार लोखंडाऐवजी कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये बसवला तर? निक साबो या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९४ साली ही कल्पना मांडली आणि तिला 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' हे नाव दिलं. पुढे ती समजावून सांगताना त्याने उदाहरण घेतलं तेही नाणं टाकलं की वस्तू देणाऱ्या यंत्राचंच.

कल्पना छान होती, पण हा प्रोग्रॅम ठेवायचा कुठे? माझ्या कॉम्प्युटरवर ठेवला तर मी रात्रीतून त्यात फेरफार करीन. तुमच्या कॉम्प्युटरवर ठेवला तर तुम्ही कराल! याचं उत्तर मिळायला वीसेक वर्षं गेली. व्हिटालिक ब्युटेरिन नावाच्या मुलाने २०१३ च्या अखेरीस 'इथेरियम'चा आराखडा लिहिला. तेव्हा तो फक्त १९ वर्षांचा होता. इथेरियम ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालं. त्यात एकच वही जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरांवर एकाच वेळी ठेवलेली असते. कुणी एकट्याने आपल्या वहीत खाडाखोड केली तरी बाकीचे तिला मान देत नाहीत. या वहीला म्हणतात 'ब्लॉकचेन'. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट याच वहीत लिहून ठेवायचं, म्हणजे ते कुणाच्या एकट्याच्या हातात राहत नाही. ते लिहायची सगळ्यात जास्त वापरातली भाषा म्हणजे 'सॉलिडिटी'. गॅव्हिन वुड यांनी ती २०१४ साली सुचवली.

आज आपण अशी कॉन्ट्रॅक्टं बनवायची हत्यारं आपल्या कॉम्प्युटरवर कशी बसवायची, ते पाहणार आहोत. पण त्याआधी हत्यारं लागतातच कशाला, हे एका चोरीवरून समजून घेऊ.

रोखपालाची चूक

अशी कल्पना करा की एका पेढीवर एक रोखपाल बसलाय. तुमच्या खात्यात १०० रुपये आहेत. तुम्ही म्हणालात, 'माझे १०० द्या.' त्याने खातं पाहिलं, शिल्लक आहे, १०० रुपये हातावर ठेवले. आता तो वहीत 'शिल्लक शून्य' लिहिणार, तेवढ्यात तुम्ही पुन्हा म्हणालात, 'माझे १०० द्या.' त्याने वही पाहिली. वहीत अजून १०० च दिसतायत! त्याने पुन्हा दिले. तो लिहायला जाणार की तुमचं आपलं चालूच, 'माझे १०० द्या...'

असा खुळा रोखपाल कुठे असतो का, असं तुम्ही म्हणाल. पण १७ जून २०१६ रोजी नेमकं हेच घडलं. 'द डाओ' नावाच्या एका स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये लोकांनी मिळून सुमारे १५ कोटी डॉलर किमतीचं 'इथर' जमा केलं होतं. इथर म्हणजे इथेरियमवरचं चलन. त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पैसे आधी दिले जायचे आणि खात्यातली शिल्लक नंतर कमी व्हायची. एका हल्लेखोराने ते हेरलं आणि पुन्हा पुन्हा मागून सुमारे ३६ लाख इथर बाजूला काढले. नियमानुसार ते लगेच बाहेर नेता येत नव्हते, म्हणून थोडी उसंत मिळाली. शेवटी २० जुलै २०१६ रोजी बहुतेकांनी मिळून वहीची नवी शाखा सुरू केली आणि पैसे मूळ मालकांकडे वळवले. काहींना मात्र हे अजिबात पटलं नाही. 'एकदा लिहिलं ते लिहिलं!' असं म्हणत ते जुन्याच वहीवर राहिले. ती वही 'इथेरियम क्लासिक' या नावाने ओळखली जाते.

दोन ओळींची अदलाबदल केली असती, आधी वहीत लिहून मग पैसे दिले असते, तर यातलं काहीच घडलं नसतं.

शाळेच्या निबंधातली चूक दुसऱ्या दिवशी खोडता येते. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचं तसं नसतं. वहीत चढवलेला कोड सहसा बदलता येत नाही, कारण तो बदलता येऊ नये हाच तर सगळा उद्देश! म्हणून चूक सापडायला हवी ती वहीत चढवण्यापूर्वी, आपल्या टेबलावर. हत्यारं लागतात ती यासाठी.

लोहाराचं दुकान

अशा हत्यारांचे बरेच संच आहेत. आपण त्यातला 'फाउंड्री' निवडू या. तो २०२१ च्या अखेरीस आला, फुकट आहे आणि त्याचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो. त्याची १.० ही आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये निघाली.

फाउंड्री म्हणजे धातू ओतायचा कारखाना. तुम्ही लोहाराचं दुकान पाहिलं असेल, तर यातली चारही हत्यारं लगेच ओळखाल. 'फोर्ज' म्हणजे भट्टी. इथे सॉलिडिटीचा कोड तापवून त्याला आकार द्यायचा आणि तो कसाला लावायचा. 'अॅन्व्हिल' म्हणजे ऐरण. ही तुमच्याच कॉम्प्युटरवर चालणारी खोटी ब्लॉकचेन, तिच्यावर हवे तेवढे घाव घाला! 'चिझल' म्हणजे छिन्नी. सॉलिडिटीची एकेक ओळ लिहून काय होतं ते ताबडतोब पाहायचं. आणि 'कास्ट' म्हणजे ओतकाम. याने ब्लॉकचेनला प्रश्न विचारायचे, निरोप पाठवायचे, हिशेब करायचे.

कास्टला विचारा, एका इथरचे 'वेई' किती? तो उत्तर देईल, एकावर १८ शून्यं! वेई हे इथरचं सगळ्यात छोटं नाणं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संख्यांची नावं परार्धापर्यंत येतात. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. तेव्हा एका इथरचे झाले दहा परार्ध वेई. एवढ्या मोठ्या आकड्यांत एक शून्य इकडचं तिकडे झालं तर काय होईल, तुम्हीच सांगा.

एकच दुकान, तीन पत्ते

आता मुख्य प्रश्न. कुणाच्या घरी विंडोज असतं, कुणाच्या शाळेत लिनक्स, तर कुणाच्या काकांकडे मॅक. एकच फाइल तिन्हीकडे का चालत नाही?

कारण कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम सगळं काम स्वतः करत नाही. 'ही फाइल उघड', 'पडद्यावर हे अक्षर दाखव', 'नेटवरून हे आण', असं तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो आणि प्रत्येक सिस्टिमची सांगण्याची रीत वेगळी असते. प्रोग्रॅमच्या फाइलीची बांधणीसुद्धा वेगळी. विंडोजवरच्या 'ईएक्सई' फाइलीची सुरुवात 'एम' आणि 'झेड' या दोन अक्षरांनी होते. मार्क झ्बिकोव्स्की या प्रोग्रॅमरची ही आद्याक्षरं आहेत! लिनक्सवर सुरुवातीलाच एका खास खुणेनंतर 'ई', 'एल', 'एफ' ही अक्षरं येतात. मॅकची बांधणी तिसरीच. शिवाय कॉम्प्युटरच्या मेंदूचा प्रकारही पाहावा लागतो. २०२० च्या अखेरीपासून अॅपलने आपली स्वतःची चिप मॅकमध्ये घालायला सुरुवात केली. तिची भाषा आधीच्या इंटेलच्या चिपपेक्षा निराळी आहे.

म्हणून फाउंड्रीवाल्यांनी 'फाउंड्रीअप' नावाचा एक छोटा हरकाम्या ठेवलाय. तुमची सिस्टिम कोणती, चिप कोणती, हे तो पाहतो आणि योग्य ती हत्यारं आणून ठेवतो. पुढे नवी आवृत्ती आली की त्यालाच पुन्हा हाक मारायची.

एक सूचना. खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे मराठीत दिल्या आहेत. कीबोर्डवर मात्र त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. कॉम्प्युटर घरच्या सगळ्यांचा असेल तर आधी मोठ्यांची परवानगी घ्या, बरं का!

लिनक्स : इथे काम सगळ्यात सोपं. उबुंटू असेल तर टर्मिनल उघडा आणि 'अॅप्ट'ला सांगून 'कर्ल' व 'गिट' हे दोन प्रोग्रॅम बसवून घ्या. कर्ल नेटवरून फाइल आणतो. गिट कोडच्या जुन्या-नव्या प्रती सांभाळतो. लिनक्सचा जनक लिनस टोरव्हाल्ड्स यानेच २००५ साली गिटही लिहिलं. आता फाउंड्रीच्या अधिकृत पुस्तिकेत बसवण्याची जी एक ओळ दिलेली आहे ती टर्मिनलमध्ये लिहायची. त्या ओळीत मध्ये एक उभी रेघ दिसेल. तिला 'पाइप' म्हणतात. नळाच्या पाइपासारखंच तिचं काम. डावीकडे कर्लने आणलेला मजकूर ती उजवीकडच्या 'बॅश'ला देते आणि बॅश त्यातल्या आज्ञा पाळतो. मग नवं टर्मिनल उघडून 'फाउंड्रीअप' म्हणा. झालं!

मॅक : मॅक आणि लिनक्स दोघंही वळणाने युनिक्सच्या घराण्यातले, त्यामुळे कृती तीच. कर्ल तर मॅकमध्ये आधीपासूनच असतं. गिट नसेल तर टर्मिनलमध्ये नुसतं 'गिट' लिहा. मॅक स्वतःच विचारतो, 'डेव्हलपरची हत्यारं बसवू का?' हो म्हणा आणि ती बसेपर्यंत थांबा.

विंडोज : इथे थोडा वळसा आहे. फाउंड्रीअप हा बॅशच्या भाषेत लिहिलेला आहे. विंडोजचं 'कमांड प्रॉम्प्ट' आणि 'पॉवरशेल' दोघांनाही ती भाषा येत नाही. तिथे ती ओळ लिहिलीत तर लाल अक्षरांत बोलणी खाल! याला दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे 'गिट फॉर विंडोज' बसवायचं. त्याच्याबरोबर 'गिट बॅश' नावाची खिडकी मिळते, तिला ही भाषा कळते. दुसरी वाट विंडोजच्या पोटातच लिनक्स ठेवण्याची. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली ही सोय आणली. तिचं नाव 'डब्ल्यूएसएल'. विंडोज ११ किंवा विंडोज १० ची २०२० नंतरची आवृत्ती असेल तर पॉवरशेल 'अॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडा, 'डब्ल्यूएसएल' लिहा, जागा सोडा आणि दोन आडव्या रेघांना जोडून 'इन्स्टॉल' लिहा. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केलात की उबुंटू हजर. ते तुमच्याकडे एक नाव आणि पासवर्ड मागेल. पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साधे ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला म्हणून घाबरू नका, लिनक्सची रीतच तशी आहे. यापुढची कृती लिनक्सचीच. फक्त आपलं काम लिनक्सच्या घरातच ठेवा. विंडोजच्या 'सी' ड्राइव्हवर ठेवलंत तर चालेल, पण रखडत.

'कमांड नॉट फाउंड'!

सगळं नीट बसलं, आनंदाने 'फोर्ज' लिहिलं आणि उत्तर आलं, 'कमांड नॉट फाउंड'. म्हणजे असा प्रोग्रॅम सापडत नाही! आत्ताच तर बसवला ना?

हत्यारं कुठेही गेलेली नाहीत. तुम्ही एखादं नाव लिहिता तेव्हा टर्मिनल सगळी डिस्क धुंडाळत बसत नाही. त्याच्याकडे काही ठरावीक फोल्डरांची यादी असते. पोस्टमन जसा आपल्या बीटातल्या गल्ल्याच फिरतो, तसा तो त्या यादीतल्या फोल्डरांतच शोधतो. या यादीला 'पाथ' म्हणतात. फाउंड्री आपली हत्यारं तुमच्या घरच्या फोल्डरात 'डॉट फाउंड्री' नावाच्या लपलेल्या फोल्डरात ठेवते आणि त्याचा पत्ता यादीत टाकते. पण टर्मिनल ही यादी वाचतं ते उघडताना, एकदाच. आधीपासून उघडं असलेलं टर्मिनल जुनीच यादी धरून बसलेलं असतं. ते बंद करून नवीन उघडा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं.

पहिला घाव

आता 'फोर्ज इनिट' लिहून पुढे आपल्या प्रकल्पाचं नाव द्या. समजा, 'गल्ला'. अर्थात इंग्रजी अक्षरांत. त्याच नावाचं फोल्डर तयार होईल. त्यात 'एसआरसी'मध्ये कॉन्ट्रॅक्ट आणि 'टेस्ट'मध्ये त्याची परीक्षा. नमुन्यादाखल 'काउंटर' नावाचं इवलंसं कॉन्ट्रॅक्ट दिलेलं असतं. ते एक आकडा लक्षात ठेवतं. तो आपल्याला बदलता येतो किंवा एकाने वाढवता येतो.

त्या फोल्डरात जाऊन 'फोर्ज बिल्ड' म्हणा. सॉलिडिटीचा भाषांतरकार, म्हणजे कंपायलर, आपल्याकडे नसला तरी लागेल ती आवृत्ती फोर्ज स्वतः घेऊन येतो. मग 'फोर्ज टेस्ट' म्हणा. दोन परीक्षा होतील आणि दोन्हींपुढे 'पास' उमटेल. यातली एक मजेशीर आहे. तिच्यात फोर्ज स्वतःच २५६ वेगवेगळे, मनाला येतील ते आकडे कॉन्ट्रॅक्टला देऊन पाहतो. आपल्या कधी डोक्यातही येणार नाही असा आकडा त्यात निघतो आणि लपलेली चूक उघडी पडते.

पण नुसतं पास होण्यात काय मजा? मुद्दाम बिघडवून पाहा. काउंटरच्या फाइलीत आकडा एकाने वाढवणारी ओळ शोधा आणि तो दोनाने वाढेल अशी करा. पुन्हा 'फोर्ज टेस्ट'. आता एका परीक्षेपुढे 'फेल' दिसेल आणि कारणही, की उत्तर १ यायला हवं होतं, आलं २. परीक्षेत नापास होऊन आनंद व्हावा असा हा एकच प्रकार! रोखपालाची ती चूकही अशीच कुणाच्या तरी टेबलावर 'फेल' म्हणून पकडली गेली असती, तर ३६ लाख इथर हलले नसते.

खोटा पैसा, खरी काळजी

आता दुसऱ्या टर्मिनलमध्ये नुसतं 'अॅन्व्हिल' लिहा. तुमची खासगी ब्लॉकचेन सुरू होईल. त्यात दहा खाती असतात आणि प्रत्येकात १०,००० इथर! पण थांबा, पार्टी मागवू नका. हे इथर तुमच्या कॉम्प्युटरबाहेर कवडीमोल आहे. 'कंट्रोल' आणि 'सी' ही बटणं एकत्र दाबलीत की ब्लॉकचेन बंद आणि श्रीमंतीही गायब. शिकण्यासाठी एवढं पुरे होतं. कुणी म्हणालं, 'हे शिकायला आधी खरे पैसे भर,' तर सरळ नाही म्हणा.

तीन नियम मात्र पक्के लक्षात ठेवा.

पहिला : अॅन्व्हिलच्या खात्यांच्या किल्ल्या जगजाहीर आहेत. ज्या बारा शब्दांतून त्या बनतात, त्यातले अकरा शब्द 'टेस्ट' आणि बारावा 'जंक'. जगभर सगळ्यांकडे तेच. या खात्यांवर खरा पैसा पाठवणं म्हणजे घराची किल्ली कुलपालाच लटकवून गावाला जाणं.

दुसरा : खऱ्या खात्याची किल्ली कधीही कोडमध्ये लिहू नका. कोड आपण मित्रांना दाखवतो, नेटवर ठेवतो. किल्लीही त्याच्याबरोबर जाते. आणि इथे 'किल्ली हरवली' म्हणून अर्ज करायला बँकेसारखी खिडकी नसते.

तिसरा : 'ही ओळ तुमच्या टर्मिनलमध्ये चिकटवा' असं कुणीही सांगितलं तरी लगेच चिकटवू नका. पाइपमधून आलेला मजकूर बॅश निमूटपणे पाळतो. चांगलं-वाईट त्याला कळत नाही. ओळ अधिकृत पुस्तिकेतलीच आहे ना, पत्त्यातलं अक्षरन् अक्षर बरोबर आहे ना, हे आधी पाहा. २०१८ साली हजारो प्रोग्रॅमर वापरत असलेल्या एका साध्या उपयोगी पॅकेजमध्ये इथरसारखंच दुसरं चलन, बिटकॉइन, चोरणारा कोड कुणीतरी गुपचूप घुसवल्याचं उघडकीस आलं होतं. हत्यार आणायचं ते ओळखीच्या दुकानातूनच.

एकच बोली

शेवटी एक गंमत सांगतो. विंडोज, मॅक, लिनक्स यांच्यासाठी आपण एवढा खटाटोप केला, पण फोर्जमधून जे बाहेर पडतं ते तिन्हीकडे एकाच बोलीत असतं! तुमचं कॉन्ट्रॅक्ट खऱ्या चिपवर थेट चालत नाही. ते चालतं इथेरियमच्या काल्पनिक यंत्रावर. त्याची स्वतःची अंकांची भाषा आहे. १ म्हणजे बेरीज, २ म्हणजे गुणाकार, ३ म्हणजे वजाबाकी, ४ म्हणजे भागाकार. हे यंत्र प्रत्येक सिस्टिमवर हुबेहूब सारखंच वागतं. म्हणून नागपूरच्या मुलीने शाळेच्या लिनक्सवर लिहिलेलं कॉन्ट्रॅक्ट टोरांटोतल्या तिच्या मावसभावाच्या मॅकवर तोच निकाल देतं.

हे सगळं दूरदेशीचं आहे असंही समजू नका. २०२२ साली आपल्या गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली भागात, जातीचे दाखले 'पॉलिगॉन' नावाच्या ब्लॉकचेनशी जोडण्याचा उपक्रम सुरू झाला. पॉलिगॉनलाही इथेरियमच्या यंत्राची हीच बोली कळते. जातीचा दाखला म्हणजे शिष्यवृत्ती, कॉलेजातला प्रवेश. तो खरा की खोटा हे झटकन ठरलं तर एखाद्या मुलाचं वर्ष वाचतं. अशा ठिकाणी कोडमध्ये चूक राहिली तर तिची किंमत इथरमध्ये मोजता येणार नाही.

तेव्हा भट्टी पेटवा, ऐरण मांडा. पहिल्याच दिवशी दहा परीक्षा लिहा आणि आपलंच कॉन्ट्रॅक्ट नापास करून दाखवा. जितके घाव टेबलावर, तितका भरवसा वहीत!